वॉर्ड घरापर्यंत येतो तेव्हा: एका अधिपरिचारिकेच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका जिल्हा रुग्णालयाच्या मेडिकल वॉर्डात काम करणारी तरुण अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) विचारते: "रात्री वॉर्डात ५५ रुग्ण असतात, त्यातले काही खाली गाद्यांवर, आणि आम्ही दोघी. घरी आले तरी अमक्याचं दहाचं इंजेक्शन दिलं की राहिलं, हेच डोक्यात फिरतं. दोन महिन्यांपूर्वी एक तरुण रुग्ण गेला, तेव्हा नातेवाईक अंगावर धावून आले. तेव्हापासून वॉर्डाचा जिना चढताना छाती धडधडते. मुलावर ओरडते, रुग्णांवरही खेकसते. वरिष्ठ म्हणतात, नर्सनं एवढं सहन करायला शिकलंच पाहिजे. मी या कामासाठी कमजोर आहे का? सहनशक्ती कशी वाढवू? की नोकरी सोडू?"

वयानं तू माझ्या विद्यार्थिनींसारखी आहेस, म्हणून एकेरीतच लिहिते. मी सरकारी रुग्णालयांत अधिपरिचारिका म्हणून लागले, परिसेविका (वॉर्डाची इनचार्ज सिस्टर) झाले, अधिसेविका (मेट्रन) म्हणून निवृत्त झाले, आणि आता नर्सिंगच्या मुलींना शिकवते. तुझ्या तिन्ही प्रश्नांना उत्तर देते, पण आधी एक हिशेब मांडू, कारण त्याशिवाय पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुला पटणार नाही.

५५ रुग्ण आणि दोघी, म्हणजे एकीच्या वाट्याला २७. रात्री दहाच्या औषधांना तू सुरुवात केलीस. केसपेपर बघायचा, नाव विचारायचं, पावडर विरघळवायची, व्हेन (सलाईनची शीर) चालू आहे का पाहायची, अँटिबायोटिक सावकाश द्यायचं, लिहायचं. घाई केली नाही तर एका रुग्णाला पाच मिनिटं लागतात. २७ जणांची १३५ मिनिटं झाली. म्हणजे दहाची औषधं संपतात तेव्हा सव्वाबारा वाजलेले असतात, तेही मधे एकाचंही सलाईन थांबलं नाही, कोणी उलटी केली नाही आणि कॅज्युअल्टीतून नवा रुग्ण वर आला नाही तर. असं तू कधी पाहिलं आहेस का? बाराची औषधं, दोन-दोन तासांनी बीपी, शुगर, लघवीचं माप, अंथरुणात पडून असलेल्यांची कूस बदलणं हे सगळं अजून बाकी आहे. ही ड्युटी जगातली कोणतीही नर्स पूर्ण करू शकत नाही. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण शिकवणाऱ्या रुग्णालयात ३ रुग्णांमागे १ आणि इतर रुग्णालयात ५ रुग्णांमागे १ परिचारिका असं आहे, वर रजेसाठी ३० टक्के राखीव. हे प्रमाण कितीही ओढूनताणून मोजलं तरी ५५ रुग्णांमागे रात्री दोघी त्यात बसत नाहीत. म्हणून पहिलं उत्तर: तू कमजोर नाहीस. तुला न संपणारं काम दिलं गेलं आहे आणि ते न संपल्याची जबाबदारी तू स्वतःच्या स्वभावावर घेतली आहेस.

इतकी वर्षं मुलींना पाहून माझं एक मत पक्कं झालं आहे. नर्सला रुग्णांचं दुःख थकवत नाही, किंवा फार कमी थकवतं. रक्त, उलटी, मरण हे सगळं ती प्रशिक्षणातच पाहून येते. तिला पोखरतं ते राहून गेलेलं काम. कूस बदलायची होती, बदलली नाही, आठवड्यानं कमरेला जखम दिसली. त्या आजोबांना बोलायचं होतं, मी "आले हं" म्हणून गेले ती गेलेच. काय करायला हवं हे माहीत आहे, करता येतं, करायची इच्छाही आहे, पण परिस्थिती करू देत नाही. या अवस्थेबद्दल अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये परिचर्येच्या नीतिशास्त्रावर लिहिताना मांडणी केली होती, आणि तेव्हापासून ती या क्षेत्रात अभ्यासली जाते. आपण तिला नैतिक घुसमट म्हणू. कामाचा शीण झोपेनं जातो. ही घुसमट झोपेनं जात नाही, उलट झोपच उडवते. तुझ्या डोक्यात घरी आल्यावर जे फिरतं ते हेच आहे.

आणि कामं राहतात तीही ठराविक क्रमानं. इंजेक्शन सहसा राहत नाही, कारण त्याची नोंद असते आणि त्याचा जाब विचारला जातो. आधी सुटतं ते रुग्णाशी बोलणं. मग तोंडाची स्वच्छता, मग पाठीची काळजी, मग सुट्टी मिळालेल्याला गोळ्या समजावून सांगणं. म्हणजे ज्यासाठी आपण नर्स झालो तेच आधी जातं आणि हातात उरतं ते रजिस्टर. चांगल्या नर्सेस जास्त का खचतात याचं कारण इथे आहे. जिला फरक पडत नाही तिला काही राहिल्याचं जाणवतच नाही.

यावर पहिला उपाय तुला कदाचित कोरडा वाटेल. राहिलेलं काम मनात ठेवू नकोस, रिपोर्ट बुकमध्ये लिही. तक्रारीच्या सुरात नको, फक्त घडलेलं: "रात्रपाळी, रुग्णसंख्या ५५, परिचारिका २. २.४० वा. खाट १४ च्या रुग्णाचा श्वास वाढला, २.४५ वा. निवासी डॉक्टरांना फोन, ३.०५ वा. डॉक्टर आले. या काळात खाट २० ते ३१ च्या रुग्णांची कूस बदलता आली नाही, सकाळपाळीस ओव्हरमध्ये (पाळी सोपवताना) सांगितले." एवढंच. सकाळच्या सिस्टरनं ते पहिलं काम म्हणून घ्यावं. यातून दोन गोष्टी होतात. राहिलेलं काम कोणाच्या तरी हातात जातं, म्हणून ते तुझ्याबरोबर बसनं घरी येत नाही. आणि महिन्याभराच्या अशा नोंदी इनचार्ज सिस्टरनं मेट्रन ऑफिसला दिल्या, तर "मनुष्यबळ कमी आहे" या रोजच्या वाक्याला तारखा आणि आकडे मिळतात.

नोंदीचा आग्रह मी आणखी एका कारणानं धरते. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागून १० बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्ण गेले. भंडाऱ्यात दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला, नगरमध्ये एका वैद्यकीय अधिकाऱ्याबरोबर तीन परिचारिकांना अटक झाली. त्या बाळांच्या आणि रुग्णांच्या घरच्यांचं दुःख सगळ्यांत मोठं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण वायरिंग, अग्निशमन यंत्रणा, इमारतीची तपासणी या गोष्टी अधिपरिचारिकेच्या हातात नसतात, आणि तरी पहाटे वॉर्डात हजर असते ती तीच. ही भीती महाराष्ट्रातल्या प्रत्येक नर्सच्या मनात त्या वर्षी बसली आणि अजून आहे. ती भीती अवास्तव नाही, म्हणून "सकारात्मक विचार कर" असं मी तुला सांगणार नाही. लिहून ठेव, एवढंच सांगेन. बिघडलेलं सक्शन, उघडी वायर, बंद पडलेला मॉनिटर हे तोंडी सांगितलं असेल तर तेही लेखी दे.

आता तुझ्या लक्षणांकडे येते. तू जे वर्णन केलं आहेस त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत.

एक म्हणजे बर्नआउट. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये तो कामाशी जोडलेली अवस्था म्हणून नोंदवला, त्याला आजार म्हटलं नाही. त्याची तीन अंगं: शक्ती संपून जाणं, कामापासून मनानं तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपण काही उपयोगाचं काम करतो हा विश्वास जाणं. पहिलं अंग सगळ्यांना कळतं. दुसरं स्वतःला कळत नाही, कारण ते स्वभाव बिघडल्यासारखं दिसतं. रुग्णांवर खेकसणं, नातेवाइकाचा प्रश्न पूर्ण व्हायच्या आत "डॉक्टरांना विचारा" म्हणणं, नवा रुग्ण आला की आधी राग येणं. तू स्वतःला वाईट नर्स ठरवते आहेस. माझ्या मते ही जळलेल्या मनाची स्वतःला वाचवायची धडपड आहे. ती ओळखू आली की तिच्याबद्दल शरम वाटायचं कमी होतं, आणि शरम कमी झाली की खेकसणंही बरंच कमी होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे जिना चढतानाची धडधड. ती त्या रात्रीची आहे. अंगावर माणसं धावून आल्यानंतर काही दिवस झोप न लागणं, तोच प्रसंग डोळ्यांपुढे येणं, त्या जागी जायला नको वाटणं, मोठ्या आवाजानं दचकणं हे कोणालाही होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. पण महिना उलटूनही ते टिकलं तर तो आघातानंतरचा मानसिक आजार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. तुला दोन महिने झाले. म्हणून याबाबतीत माझा सल्ला सौम्य नाही: मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, याच आठवड्यात. आपल्याच रुग्णालयाच्या ओपीडीत केसपेपर काढायला संकोच वाटतो, सगळे ओळखीचे असतात, हे मला समजतं. तर बाहेर जा. किंवा सुरुवातीला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीला फोन कर. क्रमांक १४४१६, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि जगणं नकोसं झाल्याचा विचार मनात एकदा जरी येऊन गेला असेल, तर आठवड्याची वाट पाहू नकोस, घरातल्या एका माणसाला सांग आणि आजच फोन कर. जाता जाता हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासून घे. थकवा, चिडचिड, धडधड या तिन्ही गोष्टी रक्त कमी असल्यानं आणि थायरॉइडनंही होतात, आणि नर्सेस दिवसभर दुसऱ्यांचं रक्त काढतात, स्वतःचं वर्षानुवर्षं तपासत नाहीत.

त्या रात्रीबद्दल आणखी थोडं. महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे: रुग्णालयात सेवा देणाऱ्या व्यक्तीवर हिंसा केली तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, आणि मालमत्तेच्या नुकसानीची दुप्पट भरपाई घेता येते. या कायद्यात डॉक्टर येतात, नोंदणीकृत परिचारिका येतात, नर्सिंगच्या विद्यार्थिनीही येतात. पण बहुतेक प्रसंग "जाऊ दे, त्यांचा माणूस गेला आहे" म्हणून मिटवले जातात. नातेवाइकांवर दया करायला माझी हरकत नाही. मात्र ती दया करायची की नाही हे तुला विचारून ठरलं पाहिजे. तुझ्या बाबतीत कोणी विचारलं का? विचारलं नसेल, तर धडधडीचं निम्मं कारण तिथे आहे. ज्या नर्सच्या मागे तिची मेट्रन पोलीस चौकीपर्यंत गेली, ती पुन्हा त्या वॉर्डात लवकर उभी राहते, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. प्रसंगाचा लेखी अहवाल दोन महिन्यांनीही देता येतो. दे.

हाणामारी कधी होते याचंही माझं एक निरीक्षण आहे. ती मरणामुळे होते त्यापेक्षा मरणाआधीच्या शांततेमुळे जास्त होते. चार-पाच तास नातेवाइकांना कोणी काही सांगितलेलं नसतं, आणि मग एकदम "वाचवू शकलो नाही". गंभीर रुग्णाच्या घरातला एकच समजूतदार माणूस हेरून त्याला डॉक्टरांकडून दर दोन तासांनी दोन वाक्यं सांगवली तर फार फरक पडतो. मृत्यूची बातमी नर्सनं एकटीनं कधीच सांगायची नाही. ते डॉक्टरांचं काम आहे, बरोबर सुरक्षारक्षक आणि दुसरी सिस्टर हवी, आणि आपण दाराकडच्या बाजूला उभं राहायचं. अंगावर माणसं येऊ लागली तर ट्रॉली, औषधं, रजिस्टर सगळं तिथेच सोडून बाहेर पडायचं. सामान मोजून घेता येतं.

सुरक्षिततेबद्दल बोलताना मुंबईच्या केईएम रुग्णालयाचा उल्लेख टाळता येत नाही. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथली परिचारिका अरुणा शानबाग हिच्यावर हल्ला झाला तो ती ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेली असताना. पुढे १८ मे २०१५ ला तिचं निधन होईपर्यंत, जवळजवळ ४२ वर्षं, केईएमच्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी तिची शुश्रूषा केली. त्या सेवेचं कौतुक सगळे करतात आणि करायलाच हवं. मी मात्र प्रत्येक नव्या मुलीला त्यातली पहिली गोष्ट सांगते: कपडे बदलायला सुरक्षित खोली नव्हती. आजही किती रुग्णालयांत नाईटच्या सिस्टरला स्वच्छतागृहासाठी दुसऱ्या मजल्यावर, अंधाऱ्या पॅसेजमधून जावं लागतं? जाणं टाळायला म्हणून पाणीच न पिणाऱ्या, बारा बारा तास लघवी दाबून ठेवणाऱ्या आणि वर्षातून तीनदा लघवीच्या संसर्गानं आजारी पडणाऱ्या मुली मला माहीत आहेत. आतून लागणारी कडी, चालू दिवा आणि पॅड टाकायला झाकणाचा डबा या मागण्या ताणाच्याच मागण्या आहेत. संघटनेच्या निवेदनात त्या वेतनाच्या खाली, शेवटच्या ओळीत येतात. मला त्या वर हव्या आहेत.

नाईटबद्दल मला थोडं विस्तारानं सांगायचं आहे, कारण तिथे तुझ्या हातात बरंच आहे. पहाटे तीन ते पाच या वेळात शरीराचं तापमान आणि सावधपणा सगळ्यांत खाली असतो. तो इच्छाशक्तीनं वर येत नाही. म्हणून इन्शुलिन, हेपरिन, पोटॅशियम अशी, चूक झाली तर जिवावर बेतणारी औषधं या वेळात असतील तर दोघींनी मिळूनच तपासायची, एकीनं वाचायचं, दुसरीनं बघायचं. पहिल्या नाईटच्या दुपारी दीड तास तरी झोप काढ. जेवण ड्युटीवर आल्यावर लवकर उरक, रात्री एक-दीडला हलकं काही खा, आणि तीननंतर चहा-कॉफी घेऊ नकोस, कारण ती सकाळी नऊला तुझ्या झोपेच्या आड येते. पाळीपाळीनं वीस-तीस मिनिटं डोळे मिटून बसणं हे माझ्या मते सुरक्षित परिचर्येचा भाग आहे, पण आपल्याकडे ते चोरून करावं लागतं. मी परिसेविका असताना ते उघडपणे वाटून दिलं होतं, कोण कोणत्या वेळात आणि तेव्हा वॉर्ड कोणाकडे. त्यानं वॉर्डाचं काही बिघडलं नाही. दोन नाईटनंतर झोप अनावर असेल तर स्वतः स्कूटर चालवत घरी जाऊ नकोस, रिक्षा कर, बस धर, नवऱ्याला बोलाव.

आणि घर. खरी अडचण इथेच असते, पण प्रश्न विचारताना बायका ती वगळतात, तूही वगळली आहेस. नाईट करून आलेली सून घरच्यांना मोकळी दिसते. आठ-नऊला ती घरी आहे, म्हणजे मुलाचा डबा, कुकर, गॅसवाला, कामवाल्या मावशींना दार उघडणं हे सगळं तिच्याकडे. मग दोन तास झोप, मग मुलगा शाळेतून येतो. अशी दोन तासांची झोप घेऊन कोणीही मुलावर ओरडेल. यावर प्राणायाम सुचवणं मला अन्याय वाटतो. घरात बसून स्पष्ट बोलावं लागतं, आणि ते नाईटच्या आठवड्यात नाही, मॉर्निंग ड्युटीच्या आठवड्यात, शांतपणे. महिन्याचं ड्युटी रोस्टर फ्रिजवर लाव. नाईटच्या दिवशी सकाळी नऊ ते दोन तुझी खोली बंद, फोन बंद, बेल वाजली तर दुसरं कोणी उठेल. सासूबाईंना हे पटवताना "मी दमते" यापेक्षा "मी अर्धवट झोपेत इंजेक्शन भरते, कोणाच्या तरी जिवाशी खेळ होईल" हे जास्त लवकर पटतं, कारण ते खरं आहे. बालसंगोपन रजा, अर्जित रजा यांचे नियम नीट वाचून ठेव. आपल्या बायका रजा निवृत्तीपर्यंत साठवतात आणि तोवर गुडघे, पाठ आणि साखर हाताबाहेर गेलेली असते.

तुझ्या इनचार्ज सिस्टरपर्यंत हे पोचणार असेल तर तिच्यासाठी दोन गोष्टी. रोस्टर मॉर्निंग, इव्हिनिंग, नाईट या क्रमानं पुढे जाणारं ठेवा, कारण शरीर झोप पुढे ढकलू शकतं, मागे ओढणं त्याला जड जातं. इव्हिनिंग करून रात्री साडेनऊला घरी गेलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी सातच्या मॉर्निंगला बोलावू नका. नाईट ऑफ ही सुट्टी धरू नका, ती झोपेची भरपाई आहे. आणि मृत्यूनंतर, विशेषतः लहान मुलाच्या किंवा तरुण माणसाच्या, बॉडी वॉर्डातून गेल्यावर पाच मिनिटं सगळ्यांना एकत्र घ्या. वॉर्डातले मदतनीस मावशी-मामा, इंटर्न, सगळे. काय झालं, आपण काय काय केलं, आत्ता कोणाला बसायची गरज आहे, एवढंच विचारा. ज्याला बोलायचं नाही त्याला बोलायला लावू नका. सक्तीनं सगळं उगाळायला लावण्याचा फायदा होत नाही, असं अभ्यासांतूनही दिसलेलं आहे. पण "चला, बेड तयार करा, कॅज्युअल्टीतून पेशंट येतोय" एवढंच म्हणून पुढे जाणं हे त्याहून वाईट.

योग, ध्यान, श्वासाचे व्यायाम यांच्याबद्दल विचारशील. करावेत. जिन्याखाली थांबून दोन मिनिटं श्वास सावकाश सोडलास तर धडधड कमी होते, आणि आठवड्यातून चार दिवस भराभर अर्धा तास चालण्यानं झोप सुधारते. पण साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना गणवेशात बोलावून ताण-व्यवस्थापनाचं शिबिर भरवायला माझा ठाम विरोध आहे. त्या दिवशी त्या मुलींना झोपू द्या.

वरिष्ठांचं "सहन करायला शिक" हे वाक्य कुठून येतं ते मला माहीत आहे. आमच्या पिढीला तेच सांगितलं गेलं आणि आम्ही तेच पुढे दिलं. रुग्णांसमोर डॉक्टर ओरडले तरी मान खाली घालायची, सुई टोचली तरी सांगायचं नाही. ही शिकवण धोकादायक आहे. सुई टोचली तर लगेच वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुवायचं, दाबून रक्त काढायचं नाही, आणि ताबडतोब कळवायचं. एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हव्यात आणि ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नसतो. लपवलेल्या सुईनं सहा महिने झोप उडालेल्या मुली आहेत. सांगितलं असतं तर एका तासात निम्मी भीती गेली असती. लैंगिक त्रास असेल तर २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते, तेवढीच मुदत लक्षात ठेव. डॉक्टरांच्या ओरडण्याबद्दल माझा अनुभव असा की तिथल्या तिथे उत्तर न देता, राउंड संपल्यावर बाजूला घेऊन "सर, रुग्णासमोर नको, मला वेगळं सांगा" असं शांतपणे म्हटलं तर बहुतेक निवासी डॉक्टर ओशाळतात. तेही छत्तीस तासांचे जागे असतात.

खासगी रुग्णालयातल्या आणि कंत्राटी मुलींचा ताण याहून वेगळा आणि जास्त आहे, कारण त्यांच्या पायाखाली नोकरीचीच खात्री नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार नेमलेल्या समितीनं ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही किमान २० हजार रुपये वेतन आणि २०० पेक्षा जास्त खाटांच्या ठिकाणी सरकारी परिचारिकेइतकं वेतन सुचवलं होतं. किती ठिकाणी ते मिळतं हे तुझ्या मैत्रिणींना विचार. राज्यात २०२२ मध्ये परिचारिका संपावर गेल्या तेव्हा बाह्यस्रोतातून (कंत्राटदारामार्फत) भरती नको ही मुख्य मागणी होती, आणि मला ती रुग्णांच्याही हिताची वाटते. ११ महिन्यांनी जाणारी मुलगी वॉर्डाला आपला मानेपर्यंत तिची मुदत संपते.

आता नोकरी सोडण्याबद्दल. तो निर्णय नाईटच्या आठवड्यात घेऊ नकोस. आधी दहा-बारा दिवसांची रजा घे, ती गावाला लग्नाला जाण्यात घालवू नकोस. पहिले तीन-चार दिवस फक्त झोप. मग रक्त तपासणी, मानसोपचारतज्ज्ञ. त्यानंतर वॉर्ड बदलून माग. लसीकरण, ओपीडी, रक्तपेढी, डायलिसिस, प्रसूतीपश्चात कक्ष, कुठेही जिथे रोज तो जिना चढावा लागणार नाही. मेडिकल वॉर्डातून बाहेर पडणं म्हणजे हरणं नाही. मी अनेक मुलींना असं हलवलं आहे, आणि वर्षा-दोन वर्षांनी त्यातल्या काही आपणहून परत आल्या. मानसोपचार परिचर्येचं पुढचं शिक्षणही आहे, शिकवण्याचं काम आहे. उपचार आणि बदल दोन्ही करून सहा महिन्यांनीही पाऊल वॉर्डाकडे वळत नसेल तर सोड, आणि मनात काही न ठेवता सोड. फक्त राज्य परिचर्या परिषदेची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत राहा, म्हणजे परतीचं दार उघडं राहतं. बंधपत्र (बाँड) असेल तर त्यातल्या अटी राजीनाम्याआधी वाच.

वॉर्ड बदलण्याच्या अर्जात "वैयक्तिक कारणास्तव" असं लिहू नकोस. प्रसंगाची तारीख लिही, त्या रात्रीची रुग्णसंख्या आणि परिचारिकांची संख्या लिही, त्यानंतर होणारा त्रास दोन ओळींत लिही, डॉक्टरांचा कागद जोड. अर्ज इनचार्ज सिस्टरमार्फत अधिसेविकांच्या नावे दे, आवक क्रमांकाची पोच घे, आणि एक प्रत घरी ठेव.